चार बोटांचा तडा

आमच्या गावाचं नाव डोईफोडिया. नवीन पाहुणा हे नाव ऐकून हसतो आणि विचारतो, "इथे डोकी फोडतात का हो?" आम्ही म्हणतो, "नाही, इथे डोकं लावतात." गेल्या पावसाळ्यात मात्र एका काचेच्या पेटीवरून आमच्या घरात आठवडाभर अशी डोकेफोड झाली, की गावाचं नाव सार्थ ठरलं.

बुऱ्हाणपूरला यांच्या ओळखीचे एक गुरुजी राहत होते. त्यांची लांब बदली झाली. त्यांच्याकडे माशांची पेटी होती, तीही त्यांनी कोणाकडून जुनीच घेतलेली. इतक्या लांब मासे नेणं शक्य नव्हतं. आमच्या नातवाला मासे फार आवडतात हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या किराणा दुकानाचा माल घेऊन टेम्पो येतो, त्यात तेलाच्या डब्यांच्या आणि साखरेच्या पोत्यांच्या मधोमध ती पेटी आली. दुधाच्या कॅनमध्ये चार गोल्डफिश आले, आणि एका पिशवीत खडे, पंप आणि पाणी गाळायचा स्पंज.

मी मासे विकत कधीच आणले नसते. आपल्या श्रावकाचारात अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला पहिलाच 'बंध', म्हणजे जिवाला बांधून ठेवणं. पण हे जीव आधीच बांधलेले होते आणि आता माझ्या ओसरीवर येऊन थांबले होते. नातू कॅनमध्ये डोकावून टाळ्या वाजवत होता.

पेटी पुसताना माझ्या बोटाला काहीतरी लागलं. मागच्या लांब काचेच्या खालच्या कोपऱ्यातून एक रेघ वर निघाली होती. केसासारखी बारीक आणि चार बोटं लांब. टेम्पोत दणका बसला असणार, असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

मग घरात मतं सुरू झाली. मुलगा म्हणाला, "आई, वरून सिलिकॉन लावू, झालं." हे म्हणाले, "कशाला डोक्याला ताप? मासे तापीत सोडून देऊ. पुण्य लागेल." सूनबाई म्हणाल्या, "नवीन घेऊ या." सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या जपमाळ ओढत नुसत्या बघत होत्या.

नदीत सोडायचं मला पटलं नाही, आणि ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या समाजात ही चाल आहे. कोणाचा वाढदिवस असो की कोणाची पुण्यतिथी, जीव सोडवले की दया झाली, असं आपण समजतो. पण पेटीत वाढलेला मासा नदीचा नसतो. तो तिथे जगला नाही तर आपण त्याला मरायला सोडलं. आणि जगला, वाढला, तर तिथल्या मूळच्या माशांच्या तोंडचा घास गेला. तिलापिया हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये आपल्या देशात आणला गेला. उजनीच्या काठावर त्याला चिलापी म्हणतात. तो इतका पसरला, की अनेक पाण्यांतल्या देशी माशांना जागा उरली नाही. तेव्हा "सोडून दिलं" या दोन शब्दांनी आपली जबाबदारी सुटत नाही. ती फक्त डोळ्यांआड होते.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की ही तडा गेलेली पेटी वापरण्याजोगी आहे का?

मी कामाला लागले. बी.ए.ला माझा तर्कशास्त्र हा विषय होता. त्याचा संसारात कधी उपयोग झाला नाही, तो आता करावा म्हटलं. बुऱ्हाणपूरच्या एका काचवाल्याला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "टवका आहे की तडा?" वरच्या काठाचा टवका उडालेला असेल आणि तो जोडापर्यंत पोचला नसेल, तर बहुधा काही बिघडत नाही, हात कापू नये म्हणून धार घासून घ्यायची. तडा मात्र चालत जातो. काचेवर ताण असेल आणि पाण्याचा ओलावा असेल, तर तो दिसणार नाही इतका हळू हळू पुढे सरकतो. आज धरलेली काच सहा महिन्यांनी धरेलच असं नाही. वरून सिलिकॉन फासण्याबद्दल तो म्हणाला, "बाई, ते मलम झालं. त्याने गळती थांबेल, पण काचेला बळ येणार नाही." शिवाय जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही. जुनं सगळं पात्याने खरवडून काढावं लागतं, आणि नव्याचा व्हिनेगरसारखा वास पुरता जाईपर्यंत थांबावं लागतं. न्हाणीघरासाठी मिळतं ते बुरशी न धरणारं सिलिकॉन तर मुळीच वापरायचं नाही, कारण जे बुरशीला मारतं ते माशालाही सोसत नाही.

मुलगा पॉलिटेक्निक झालेला आहे. त्याने वहीवर हिशेब मांडून दिला. पेटी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर सव्वाशे लिटर पाणी, म्हणजे दुकानातली ५० किलोची अडीच पोती. ते पाणी मागच्या लांब काचेला सुमारे ९० ते ९५ किलोच्या जोराने बाहेर रेटणार. हा जोर पाण्याच्या उंचीवर असतो. पाणी अर्ध्या उंचीपर्यंतच भरलं, तर रेटा अर्धा होत नाही, पाव होतो. मला त्या आकड्याचं फार नवल वाटलं. एवढ्या शांत दिसणाऱ्या पाण्यामागे एक धडधाकट माणूस सगळा भार टाकून काचेला टेकून उभा आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. आकड्यातला दुसरा अर्धा भाग, तो 'पाव'चा, मी वहीत तसाच मिटून ठेवला. त्याबद्दल पुढे सांगते.

पेटीवर आणखी एक खूण शोधली. आपल्या भागातलं पाणी खारट नसलं तरी खार धरणारं आहे. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. रहीम खानखानांच्या काळात, १६१५ मध्ये, जमिनीखालून शहराला पाणी आणणारी ती विहिरींची रांग बांधली गेली. लिफ्टने खाली उतरलं की भुयाराच्या भिंतींवर चुन्याची पांढरी पुटं दिसतात. पाणी जिथून जिथून झिरपलं, तिथे ते आपली खूण ठेवून गेलं. मी म्हटलं, पेटी पूर्वी गळत असेल, तर तिच्याही जोडांवर बाहेरून अशी पांढरी रेघ असणार. भिंग घेऊन पाहिलं. आतून खार होता, बाहेरून कुठेच नव्हता. तड्याजवळही नव्हता.

मग गवंड्याकडून पाणसळ आणली. ओसरीवर सपाट जागा पाहून थर्माकोल अंथरला, त्यावर पेटी, खाली कोरडं वर्तमानपत्र. मासे न सोडता पेटी वरपर्यंत भरली आणि पाण्याच्या पातळीवर कागदाची पट्टी चिकटवली. सात दिवस पाहायचं असं मी जाहीर केलं. तोवर मासे प्लॅस्टिकच्या टबात.

मुनिमहाराजांच्या पाच समितींत एक 'आदान-निक्षेपण' समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना ती नीट निरखून, पुसून उचलायची आणि ठेवायची. तिच्यामुळे कोणा जिवाला इजा तर होणार नाही ना, हे बघायचं. ओसरीवर बसून दिवसातून चार वेळा वर्तमानपत्राचा कोपरा चाचपताना मला वाटत होतं, मी माझ्या परीने तेच करते आहे.

तीन दिवस झाले. कागद कोरडा. पातळी जिथल्या तिथे. नातू दर तासाला विचारायचा, "आजी, गळत नाही ना? मग का नाही सोडायचे?"

प्रश्न बरोबर होता. मी स्वतःशी उत्तर शोधत होते. आपण फुटक्या कानाच्या कपातून चहा पितो. कुकरची रिंग जुनी झाली तरी आणखी एक महिना चालवतो. तिथे "चालेल" म्हणणारी मी आणि भाजली तर भाजणारीही मीच. इथे "चालेल" मी म्हणणार होते आणि काच फुटली तर फरशीवर तडफडणार होता तो मासा. त्याला कोणी विचारलं नव्हतं. जोखीम दुसऱ्याच्या जिवाची असेल, तर आपली "बहुतेक चालेल"ची फूटपट्टी तिथे लावता येत नाही, असं मी ठरवलं. यांना मी तसं सांगितलंही. हे म्हणाले, "अगं, नवी पेटीसुद्धा फुटू शकते. मग काय, कोणी काही करूच नये?"

उत्तर म्हणून मी त्यांना बर्लिनची गोष्ट ऐकवली. तिथल्या एका हॉटेलात जगातलं सर्वांत मोठं उभं गोल मत्स्यालय होतं, दहा लाख लिटर पाण्याचं. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ते एकाएकी फुटलं. दीडेक हजार मासे होते, जवळजवळ सगळे गेले. दोन माणसं जखमी झाली. पहाटेची वेळ होती म्हणून बरं, नाहीतर खाली माणसांची वर्दळ असती. त्याची दुरुस्ती त्याच वर्षी पुरी झाली होती, आणि तज्ज्ञांनी तपासूनही ते का फुटलं हे ठामपणे सांगता आलं नाही. "बघा," मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या इंजिनियरांचं असं होतं. इथे तर तडा डोळ्यांना दिसतोय. न दिसलेल्या दोषाला क्षमा असेल, पण दिसलेल्या दोषाकडे डोळेझाक केली तर तो प्रमाद."

यांनी हात जोडले. मी वाद जिंकले होते.

चौथ्या दिवशी सकाळी टबातला एक मासा कलंडलेला होता. पांढऱ्या शेपटीचा. बाकीचे तिघे पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होते.

नातू काही बोलला नाही. माझ्या पदराला धरून उभा राहिला. त्याने रडायला हवं होतं असं मला वाटलं.

काय झालं ते मुलाने शोधून सांगितलं. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. पेटीतल्या खड्यांवर आणि स्पंजावर जे सूक्ष्म जिवाणू वाढतात, ते या विषाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत हे चक्र बसायला चार-सहा आठवडे लागतात. गुरुजींच्या स्पंजात ते तयार होतं. तो स्पंज मी पहिल्याच दिवशी साफ धुऊन, पिळून, उन्हात वाळत घातला होता. घाण दिसली म्हणून. टबात वीसेक लिटर पाणी आणि त्यात चार मासे. ते पाणी मी दुपदरी छन्न्याने गाळून घेतलं होतं. छन्न्यातली जिवाणी आठवणीने ज्या पाण्याची त्या पाण्यात पोचवलीही होती. पण नंतर तीन दिवस ते पाणी बदलायचं मला सुचलं नाही. माझं सगळं लक्ष ओसरीवरच्या वर्तमानपत्रावर होतं.

सासूबाई तेव्हा बोलल्या. रागावून नाही. "बाई, तू काचेची सेवा केलीस."

संध्याकाळी मी गुरुजींना फोन केला. चुकून गेलेल्या जिवाचा हिशेब त्याच्या जुन्या माणसाला द्यायलाच हवा होता. मी सगळं सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "काकू, तो तडा जुना आहे हो. दोन वर्षं झाली. मी घेतली तेव्हापासून तेवढाच आहे. मी पाणी नेहमी अर्ध्याच्या थोडं वर ठेवायचो. मला वाटलं तुम्ही विचाराल."

मला वाटलं तुम्ही विचाराल. फोन ठेवल्यावरही ते शब्द कानांत राहिले. टेम्पोत दणका बसला असणार हे मी एका क्षणात ठरवलं होतं. काचवाल्याला फोन केला, गवंड्याला गाठलं, बर्लिनपर्यंत जाऊन आले. ज्यांनी ते मासे दोन वर्षं सांभाळले, त्यांना एक प्रश्न विचारला नाही. पेटीची मागची कहाणी माहीत असणारं एकच माणूस होतं आणि ते एका फोनवर होतं.

त्या रात्री सामायिकाला बसले, पण मन लागेना. आचार्य कुंदकुंदांनी प्रवचनसारात सांगितलेला विचार आपण प्रवचनांतून ऐकतो, की हिंसा झाली की नाही हे जीव मेला की वाचला यावर ठरत नाही, आपण जपून वागलो की नाही यावर ठरतं. पूर्वी मला या विचाराचा मोठा आधार वाटायचा. त्या रात्री त्याच विचाराने मला आधार दिला नाही. मी जपून वागले होते का? वागले होते, पण कशाला जपत होते? खरं सांगायचं तर स्वतःला. पेटी फुटून मासे मेले असते, तर दोष माझ्या हातावर आला असता. टबात ते मेले, तर पाणी बिघडलं असं म्हणता आलं असतं. "सुरक्षित आहे की नाही" याचा मला असा स्वच्छ निकाल हवा होता, की उद्या काहीही झालं तरी मला बोल लागू नये. माशाला निकाल नको होता. त्याला त्या दिवशी चांगलं पाणी हवं होतं.

आणि वहीतला तो 'पाव'. अर्धी पेटी भरली की मागच्या काचेवरचा रेटा पाव होतो, हा आकडा पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होता. त्यातले ९५ किलो मी घाबरायला वापरले आणि उरलेला अर्धा हिशेब वापरलाच नाही. पेटी अर्धी भरायची, मासे सोडायचे, खाली परात ठेवायची, दोन वेळा बघायचं आणि काच बदलायची सोय होईपर्यंत एवढ्यावर चालवायचं. हा रस्ता होता. पण "वापरायची" आणि "वापरायची नाही" या दोन टोकांच्या मध्ये उभं राहायला जबाबदारी रोज घ्यावी लागते. निकाल एकदा दिला की मोकळं होता येतं.

यांचा प्रश्न, "मग कोणी काही करूच नये का?" मी वादात उडवून लावला होता. तो खरा प्रश्न होता. आपण गृहस्थ आहोत. चूल पेटवतो, पाणी उकळतो, दुकान चालवतो. आपल्या हातून काहीच होणार नाही अशी जागा या संसारात नाही. टबसुद्धा एक निर्णयच होता, फक्त मी त्याला निर्णय मानलं नव्हतं. थांबणं म्हणजे काही न करणं, असं मला वाटत होतं. पण मी थांबले होते ते माशांच्या श्वासावर.

त्याच रात्री आम्ही पेटीतलं पाणी अर्ध्यावर आणलं आणि तिघांना हळूच आत सोडलं. पुढे तीन आठवडे रोज चौथा हिस्सा पाणी बदललं, तेही आधी गाळून आणि ओसरीवर ठेवून, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्याचा गारवा सारखा होईल. खाणं अगदी चिमूटभर. मग काचवाल्याकडे पेटी गेली. मागची काच नवी बसली, जोड सगळे खरवडून पुन्हा भरले. त्या दिवसांत मासे अंगणातल्या जुन्या शेवाळलेल्या हौदात राहिले, वरून मांजरासाठी जाळी. काच आणि मजुरी मिळून जेवढे पैसे गेले, तेवढ्यात जुनी पेटी दुसरी आली असती, असं हे अजून म्हणतात. म्हणोत. स्पंज आता मी पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळते. तो मळकट दिसतो. दिसू दे.

सासूबाई नातवाला मृगसेन धीवराची गोष्ट सांगतात. मुनिराजांकडून त्याने एवढंच व्रत घेतलं होतं, की जाळ्यात पहिला येईल तो मासा सोडायचा. पहिला मासा आला, त्याने त्याला खुणेची चिंधी बांधली आणि सोडला. दिवसभरात पाच वेळा जाळ्यात तोच मासा आला आणि पाचही वेळा त्याने तो सोडला. पुढच्या जन्मी तो पाच संकटांतून वाचला. ही गोष्ट मी लहानपणी कारंज्याला माहेरी ऐकली होती, तेव्हा मला तीत पाच वेळा सोडणं मोठं वाटायचं. आता दुसरंच मोठं वाटतं. रिकाम्या हाताने घरी जायची वेळ आलेली असताना तो धीवर दर वेळी जाळ्यातला मासा हातात घेऊन बघत होता, की हा तोच आहे का. त्याची नजर माशावर होती.

परवा नातवाने विचारलं, "आजी, आता आपली पेटी एकदम सेफ आहे ना?"

मी म्हटलं, "सकाळी पाहिलं तेव्हा होती. चल, आता पुन्हा बघू."

तो खाली वाकून कागदाचा कोपरा चाचपू लागला. मी म्हटलं, "कागद नंतर. आधी तिघं कसे पोहतायत ते बघ."